वडिलांची फियाट गॅरेजला देताना

प्रश्न : वडिलांची १९६८ची फियाट ११०० डिलाइट वर्षानुवर्षं उभी आहे. पुण्यातल्या एका गॅरेजने ती दुरुस्त करण्याची ठोक रक्कम सांगितली असून नवं इंजिन बसवण्याचाही सल्ला दिला आहे. काय करावं?

उत्तर : ठोक रकमेवर लगेच हो म्हणू नका. या गाडीला वेगळी चासी नाही. खालचा पत्रा आणि दारांखालच्या पट्ट्या हाच तिचा सांगाडा, आणि गंज नेमका तिथेच धरतो. रंग खरवडल्याशिवाय तो किती खोल गेलाय हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आधी फक्त गाडी उघडून तपासण्याचे पैसे द्या, मग टप्प्याटप्प्याने करार करा. सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड करायचा, वर पुट्टी थापायची नाही, हे लेखी घ्या. प्रत्येक टप्प्याचे फोटो मागा, आणि रंगाआधी उघडा पत्रा स्वतः जाऊन पाहा. काढलेला एकही भाग, अगदी क्रोमची पट्टीसुद्धा, भंगारात जाऊ देऊ नका.

इंजिन मात्र कृपा करून बदलू नका. मूळ १०८९ सीसीचं इंजिन बहुतेक वेळा पुन्हा बांधता येतं. शिवाय २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. आरसी बुकावरचा इंजिन नंबर आजच गाडीशी ताडून घ्या.