रवा, मैदा आणि काळा पाषाण

"अहो साहेब, परवापर्यंत खिडकीत रवा पडायचा. कालपासून मैदा पडतोय."

गिरगावात ठाकूरद्वारच्या एका वाडीतल्या, पहिल्या मजल्यावरच्या आजींचं हे बोलणं. खाली अंगणात ड्रिलिंगची मशीन धडधडत होती, कॉम्प्रेसर रस्त्यावर उभा होता आणि दगडाची राखाडी धूळ गॅलरीतल्या वाळवणावर बसत होती. साहेबाला वाटलं, नेहमीचीच तक्रार. त्याने ओल्या गोणपाटाचा आणखी एक पडदा लावायला सांगितला आणि विषय मिटवला. तो साहेब म्हणजे प्रस्तुत लेखकच. आजींनी रोगाचं निदान सांगितलं होतं, हे त्याच्या डोक्यात चार दिवसांनी शिरलं. तोवर हॅमर, बिट आणि दोन रॉड जमिनीत कायमचे गाडले गेले होते.

काम तसं साधं होतं. शेजारची इमारत जुनी, लाकडी खांबांची. तिच्या पायाला धक्का लागू नये म्हणून खोदाईच्या आधी कडेने मायक्रोपाइलची, म्हणजे जमिनीत उतरवलेल्या बारीक खांबांची, रांग मारायची होती. वरचा भराव आणि मुरूम केसिंग घालून पार करायचा, मग दगडात ११५ मिलिमीटरचं भोक. त्यासाठी डीटीएच पद्धत, म्हणजे हॅमर वर नसतो, रॉडच्या टोकाला भोकाच्या तळाशीच असतो. दाबाची हवा रॉडमधून खाली जाते, हॅमरमधला पिस्टन बिटाच्या पाठीवर ठोके घालतो. बिटाच्या तोंडावर टंगस्टन कार्बाइडची गोल बटणं बसवलेली असतात, ती दगड फोडतात. तीच हवा फुटलेला माल घेऊन वर येते आणि आजींच्या खिडकीत जाते.

पहिली डझनभर भोकं झरझर झाली. मीटरला चार-पाच मिनिटं. मग सात लागायला लागली, मग दहा. मशीनवरची टोळी तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची. देशभर बोअर मारत फिरणाऱ्या 'टीएन ३४'च्या गाड्या महाराष्ट्रातल्या गावोगावी लोकांनी पाहिल्या आहेत, त्याच गावची. ऑपरेटर अण्णा एवढंच म्हणाला, "कडक है." साहेबाने वहीत लिहिलं, 'काळा पाषाण लागला.' सगळ्यांचं समाधान झालं. अण्णाने दाब वाढवला.

इथेच घोडं पेंड खातं. वेग मंदावला की दोष दगडावर ढकलायची सवय या धंद्यात सगळ्यांना असते, कारण दगड उलटून बोलत नाही. शिवाय मुंबईत तो संशय अगदीच खोटाही नसतो. शहराखाली लाव्हाचे थर आहेत. कुठे घट्ट बेसाल्ट, कुठे राखेचा मऊ टफ, कुठे ठिगळं जोडल्यासारखा ब्रेशिया. दोन लाव्हांच्या मधल्या शांत काळात इथे तळी होती, त्यांच्या गाळाची शेल मधेच भेटते. वरळीच्या असल्याच थरात बेडकांचे जीवाश्म सापडले आणि रिचर्ड ओवेनने १८४७ साली त्यांचं वर्णन केलं. अशा जमिनीत वीस पावलांवर दगड बदलला तर नवल नाही. म्हणूनच नुसत्या वेगावरून निकाल देता येत नाही. दुसरा साक्षीदार हवा, आणि तो भोकातून बाहेर येणारा माल.

बिट धारेवर असेल तर बटण दगडात रुततं आणि टवके उडतात. बोटांत धरले तर जाड रव्यासारखे, मधूनमधून डाळीएवढे तुकडे लागतात. बटणाचं डोकं सपाट झालं की तेवढाच ठोका मोठ्या जागेवर पसरतो, दगड फुटण्याऐवजी भरडला जातो आणि वर पीठ येतं. वेग कमी पण टवके तसेच, तर दगड बदलला असण्याची शक्यता जास्त. वेग कमी आणि वर मैदा, तर मशीन थांबवून बिट बाहेर काढावं.

आजींना हे कसं कळलं? त्यांच्या लहानपणी वाडीत 'पाट्याला टाकीऽऽ' अशी हाळी घालत बायका यायच्या, छिन्नीने जात्याला, पाट्याला टाकी लावून द्यायच्या. दगड गुळगुळीत झालाय का, हे कुणी जात्यात डोकावून बघत नसे. पिठावरून कळत असे. जातं झिजलं की पीठ जाडं पडतं, बिट झिजलं की उलट बारीक होतं, एवढाच फरक. इंजिनिअरिंग कॉलेजात हे शिकवलं नव्हतं, आणि घरी शिकवलं जात होतं तेव्हा लेखकाचं लक्ष नव्हतं.

पुढे जे झालं त्यात दोन चुका एकावर एक बसल्या. तेरा-चौदा मीटरवर बिटाच्या कडेचं एक बटण निखळलं. मशीन हादरायला लागली, रॉड वर काढले, बिट उतरवलं. साहेबाने घाईने नवंकोरं बिट चढवायला सांगितलं आणि त्याच भोकात खाली सोडलं. जुनं बिट व्हर्निअरने मोजलं असतं तर ते ११५चं राहिलं नव्हतं, कडेने झिजून ११०.५ झालं होतं, हे तिथल्या तिथे कळलं असतं. म्हणजे भोकही तेवढंच. त्यात ११५चं बिट म्हणजे लहान बाटलीला मोठं बूच. केसिंगमधून ते सहज गेलं, दगडाच्या तोंडाशी अडलं. सगळ्यांना वाटलं, माल पडला असेल. अण्णाने फिरवत, ठोकत ते खाली नेलं, आणि अकरा मीटरवर ते पाचरीसारखं बसलं. वर येईना, खाली जाईना. दोन दिवस जॅक लावून पाहिले, हवा मारून पाहिली. शेवटी वरचे रॉड उलटे फिरवून सोडवले, तेव्हा खालचे दोन हॅमरसोबत राहिले. शिवाय निखळलेलं बटण तळाशी होतंच. नवं बिट तिथवर पोचलं असतं तरी त्या कार्बाइडवर आपटून त्याचीही बटणं फुटली असती.

तेव्हापासूनचा नियम असा की अर्ध्या भोकात नवं बिट घालायचं नाही. साइटवर तीन बिटं असतील तर प्रत्येकाचा व्यास खडूने लिहून ठेवायचा. नव्या भोकाची सुरुवात मोठ्या व्यासाच्या बिटाने करायची, आणि मधेच बदलावंच लागलं तर त्याहून लहान व्यासाचं वापरायचं. आणि हॅमरचाही व्यास मोजायचा. या मापाच्या हॅमरचं अंग साधारण ९९ मिलिमीटरचं असतं. बिट ११०वर आलं की दोन्ही बाजूंना जेमतेम साडेपाच मिलिमीटरची फट उरते. तेवढ्यातून माल वर येताना अंगावर घासतो, हॅमर झिजवतो, आणि वाट तुंबली की अडकतो.

कडेचीच बटणं आधी का झिजतात? बोगद्याच्या मशीनकडे पाहिलं की हे पटकन कळतं. कोस्टल रोडसाठी मलबार हिलखालून गिरगाव चौपाटीपर्यंत जुळे बोगदे खणणाऱ्या 'मावळा'चा व्यास १२.१९ मीटर होता. त्याच्या तोंडावरची सर्वांत बाहेरची कटर-डिस्क एका फेऱ्यात ३८ मीटर दगड घासते. मध्यापासून एक मीटरवरची डिस्क जेमतेम सव्वासहा. मेट्रो-३च्या कामात अशी १७ यंत्रं शहराखाली होती; गिरगाव, दादर, वरळी अशी वाट काढत ३० नोव्हेंबर २०२२ला महालक्ष्मीला शेवटचा बोगदा आरपार झाला. अशा यंत्रांवर ठरावीक वेळी माणसं कटरच्या कप्प्यात शिरतात आणि प्रत्येक डिस्क गेजने मोजतात. डिस्क सगळीकडून सारखी झिजली असेल तर ठीक. एकाच बाजूला सपाट झाली असेल तर तिचं बेअरिंग धरलंय, ती फिरायची थांबून नुसती घासली जातेय, असा अर्थ. वाडीतल्या अंगणातलं ११५चं बिटही त्याच नियमाने चालतं, फक्त मीटरच्या जागी सेंटिमीटर. कडेच्या बटणाची एका फेऱ्यातली चाल ३६ सेंटिमीटर. फेरे उगाच वाढवले की पहिला मार तिथेच.

बटण कधी घासून गोल करून घ्यायचं, याचाही हिशेब आहे. सपाट ठिपक्याची रुंदी बटणाच्या व्यासाच्या एक तृतीयांश झाली की थांबायचं. बटण १४ मिलिमीटरचं असेल तर साडेचार-पाचचा ठिपका ही मर्यादा. गावाकडे पहारीचं टोक बोथटलं की लोहाराकडून शेवटून आणतात, तसंच हे, फक्त घासायला हिऱ्याचं चाक लागतं. मात्र मुंबईच्या बेसाल्टात एक गोम आहे. त्यात क्वार्ट्झ कमी असल्याने तो कठीण असूनही घासत कमी, त्यामुळे ठिपका लवकर दिसतच नाही. बटणं चकचकीत राहतात आणि पाहणारा फसतो. उन्हात भिंगाखाली धरलं तर त्यांच्यावर सापाच्या कातीसारखी बारीक जाळी दिसते. त्या तडा आहेत. त्या घासून काढल्या नाहीत तर एके दिवशी बटणाचा टवका उडतो. लेखकाच्या त्या बिटावर ठिपके आणि जाळी दोन्ही होती. बघायचं ठरवल्यावर दिसली.

रॉडची गोष्ट वेगळी. त्याचे आटे झिजले की माथ्याला धार येते, सांधा सैल बसतो आणि हॅमर वर असलेल्या मशीनमध्ये प्रत्येक ठोक्यातली थोडी ताकद तिथेच उष्णता होऊन जाते. तिथे रॉड काढल्याबरोबर सांध्यांजवळ हात न्यावा. बाकीच्यांपेक्षा एखादा तापलेला असेल तर तो बाजूला काढावा. तडा शोधायला महागडी रसायनं मिळतात, पण परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या एका फिटरकाकांनी दाखवलेला जुना उपाय अजून चालतो. आटे स्वच्छ पुसायचे, रॉकेल लावायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं, कोरडं पुसून वर खडूची पूड फासायची. तड असेल तर आत मुरलेलं रॉकेल पाझरतं आणि पांढऱ्यावर केसासारखी काळसर रेघ उमटते. रेल्वेच्या आसांच्या तडा पूर्वी अशाच शोधत. पहिल्यांदा ती रेघ उमटताना पाहिली तेव्हा लेखकाच्या पोटात गोळा आला, कारण तो रॉड सकाळीच वापरून आलेला होता.

अडकलेला हॅमर निदान दिसतो. माती-परीक्षणातली झीज कागदात लपते, म्हणून तिची भीती जास्त. लालबाग-परळच्या सखल भागात भरावाखाली खाडीचा काळा चिखल लागतो. त्यात ६३.५ किलोचा घण ७५ सेंटिमीटरवरून सोडत नळी ठोकतात आणि ३० सेंटिमीटर जायला किती ठोके लागले ते मोजतात. त्या आकड्यावर पुढे पाया ठरतो. नळीच्या तोंडाची कड बोथट झाली, आत वळली, की ठोके जास्त लागतात आणि चिखल आहे त्याहून घट्ट असल्याची नोंद होते. दगडात उलटं घडतं. दगडाचा अखंड दांडा, म्हणजे कोअर, कापून काढणाऱ्या कोअर बॅरलमध्ये खालच्या बाजूला तो पकडणारी एक चिरलेली कडी असते. ती झिजली की कोअर निसटतो, तळाशी राहतो, पुढच्या फेरीत भरडला जातो. बॅरल किंचित वाकडं असेल तर आत कोअरचे तुकडे पडतात. दगडाची प्रत ठरवताना १० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांचीच बेरीज करतात, म्हणून चांगला बेसाल्टही कागदावर 'निकृष्ट' ठरतो आणि पाइल विनाकारण दोन-तीन मीटर खोल जातात.

लालबागच्या एका प्लॉटवर लेखकाने असा अहवाल सहीसाठी समोर आल्यावर कोअरच्या पेट्या उघडून मागितल्या. शहाणपण गिरगावात फी भरून घेतलेलं होतं. निसर्गाने फोडलेल्या तुकड्यांच्या तोंडावर पिवळा-तांबूस डाग किंवा पांढरी खनिजं असतात. पेटीतले बहुतेक तुकडे मात्र ताजे, खडबडीत, काळेभोर. एकाला एक लावले तर दातात दात बसावा तसे जुळत होते. कडी बदलली, दुसरं बॅरल आणलं, शेजारी हातभर अंतरावर पुन्हा भोक मारलं. त्याच खोलीवर सलग दीड हात कोअर आला.

गिरगावातला तो हॅमर अजून तिथेच आहे. नकाशावर लाल फुली मारून तो पाइल चाळीस सेंटिमीटर सरकवावा लागला, आणि त्या फुलीखालची सही प्रस्तुत लेखकाची आहे.

त्यानंतर प्रत्येक भोकाच्या तोंडाशी, केसिंगपासून वीतभर अंतरावर, एक ताटली ठेवली जाते. मीटरमागे एकदा त्यातला माल चिमटीत घ्यायचा, वहीत मिनिटांपुढे 'डाळ', 'रवा' किंवा 'मैदा' लिहायचं. नव्या पोरांना हसू येतं. अण्णाला कधी आलं नाही. ताटली स्टीलची आहे, वाडीचं काम संपताना आजींनीच दिलेली. मागच्या बाजूला टिंबांनी कोरलेलं त्यांचं नाव आणि लग्नाची तारीख दगडाच्या धुळीने आता निम्मी पुसली गेली आहे.