जय कोपऱ्यात बसला, तेव्हा

फेब्रुवारी 2019 मध्ये नागपूरहून बोटभर लांबीचा एक टायगर ऑस्कर मासा आणला. इतवारीहून सुटणाऱ्या छोट्या लाईनच्या गाडीत, पाण्याची पिशवी उमरेडपर्यंत मांडीवर सांभाळत. त्याच वर्षी नोव्हेंबरात ती गाडी बंद झाली. माशाच्या अंगावरचे नारिंगी पट्टे पाहून मुलीने नाव ठेवलं जय. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातल्या ज्या वाघामुळे आमचं गाव देशभर माहीत झालं आणि जो 2016 पासून कुणालाच दिसला नाही, त्याचं नाव.

ऑस्कर मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातला. हा मासा माणूस ओळखतो. मी दारातून आत आलो की जय काचेला तोंड लावून शेपूट हलवायचा, पाहुणा आला की मागे सरायचा. टाकीतले गोटे तोंडाने उचलून त्याला हवे तसे लावायचा. 2023 च्या मे महिन्यात हे सगळं थांबलं. त्या दहा-बारा दिवसांत जे शिकलो, ते इथे लिहितो.

1. सवय मोडली की आजार आला असं धरा.
दुपारी गावाजवळच्या खाणीत सुरुंग उडतो तेव्हा आमच्या खिडक्यांची तावदानं वाजतात. माशाला असे हादरे अंगावरच्या पार्श्वरेषेतून कळतात. जय दचकून टाकीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचा आणि पाच मिनिटांत परत काचेशी यायचा. त्या दिवशी तावदानं वाजली, पण जय हललासुद्धा नाही. फिल्टरच्या नळीमागे, पर अंगाशी मिटून, तळाला टेकून बसला होता. नारिंगी पट्टे काळवंडले होते. मुलगी म्हणाली, "बाबा, जय आज आलाच नाही." मी म्हणालो, ऊन आहे, सुस्तावला असेल. तिथे एक अख्खा दिवस गेला. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

2. आधी कल्ले मोजा.
घड्याळ समोर ठेवून मिनिटभर कल्ल्यांची उघडझाप मोजली. एरवी साठ-सत्तर भरायची, त्या दिवशी शंभराच्या वर गेली. म्हणजे तो नुसता रुसला नव्हता, त्याला श्वास पुरत नव्हता. ऑस्कर रुसतात हे खरं आहे. टाकीतली मांडणी बदलली की दिवस-दिवस आडवे पडून राहतात. पण रुसलेल्या माशाचा श्वास शांत चालतो.

3. औषधाच्या बाटलीआधी पाणी तपासा.
हे मी सगळ्यांत उशिरा केलं आणि याचीच सगळ्यांत जास्त गरज होती. भेटेल त्याने एक औषध सांगितलं. कुणी निळं, कुणी पिवळं, कुणी माणसांच्या गोळ्या कुटून टाकायला सांगितल्या. निळं औषध मी टाकणारच होतो. तेवढ्यात नागपूरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात शिकलेल्या एका ओळखीच्या मुलाने फोनवर विचारलं, "काका, फिल्टर कधी धुतला?"

चार दिवसांपूर्वी धुतला होता. स्पंज काळाकुट्ट झाला म्हणून नळाच्या धारेखाली पांढराशुभ्र होईपर्यंत. मला ती स्वच्छता वाटली होती. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. स्पंजवर राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने तेच जिवाणू मारले गेले होते. निळं औषध टाकलं असतं तर उरलेसुरलेही गेले असते.

तपासणीचा संच मागवला. नळीत टाकीचं पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं. पिवळं राहायला हवं होतं ते पाणी बघता बघता हिरवं झालं. त्यात आमच्याकडचं पाणी क्षारांचं. पाणी जितकं अल्कधर्मी आणि जितकं गरम, तितका तोच अमोनिया जास्त जहरी. टाकीतला पारा 34 अंशांवर होता आणि ऑस्करला 24 ते 28 मानवतं. शिवाय पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. 25 अंशांना लिटरमागे सुमारे 8 मिलीग्रॅम, तर 35 अंशांना 7 च्या आसपास. जय चहूबाजूंनी कोंडला होता आणि ते कोंडणं माझ्या हातून झालं होतं.

4. उपाय सावकाश करा.
आमची टाकी चार फुटी, साधारण 240 लिटरची. सकाळ-संध्याकाळ चौथा हिस्सा पाणी बदललं. नवं पाणी गच्चीवरच्या टाकीतून थेट घेतलं नाही, मे महिन्यात ते हाताला चटका देतं. रात्री बादल्या भरून खोलीत ठेवल्या, क्लोरिन मारणारे थेंब टाकले आणि सकाळी हात बुडवून दोन्ही पाणी सारखं लागतं का ते पाहिलं. बर्फ पाण्यात टाकला नाही. टाकीचं झाकण काढून वर जाळी ठेवली आणि टेबलफॅनचा वारा पाण्यावर सोडला. कूलर जसा खोली गार करतो, तसंच हे. दोन-तीन अंश सहज उतरले. हवेचा पंप दिवसरात्र चालू ठेवला, टाकीतला दिवा बंद.

5. खात नाही म्हणून खाऊ टाकत राहू नका.
आईचा जीव राहवेना. "उपाशी कसा ठेवायचा लेकराला?" म्हणत ती दाणे टाकायची. ते तळाशी कुजून अमोनियात भरच घालत होते. धडधाकट मोठा मासा आठवडाभर न खाता निभावतो.

6. वयावर ढकलू नका, पण वय विचारात घ्या.
काही जीव वेळ भरली म्हणूनच खाणं सोडतात. समुद्रातल्या ऑक्टोपसची मादी अंडी घातली की खाणं सोडते, त्यांची राखण करत बसते आणि पिल्लं बाहेर पडली की मरते. तिथे औषध नसतं, फक्त शांतता देता येते. जय चार वर्षांचा होता आणि ऑस्कर नीट सांभाळला तर दहा वर्षं सहज जगतो. त्याची वेळ झालेली नव्हती.

सातव्या दिवशी नळीतलं पाणी पिवळं राहिलं. नवव्या दिवशी सुरुंग उडाला आणि जय दचकून पळाला. मुलीने टाळ्या वाजवल्या. मी आतल्या खोलीत जाऊन डोळे पुसले.

7. शेवटचं, आणि हे विनवून सांगतो.
त्या दिवसांत एका शेजाऱ्याने मनापासून सुचवलं होतं, "मकरधोकड्याच्या तलावात सोडून द्या जी, मोकळ्या पाण्यात बरा होईन." असा आजारी मासा तलावात बहुधा मरतो. जगला तर तिथली लहान मासळी खातो आणि आपला आजार तिच्यात पसरवतो. अमेरिकेत फ्लोरिडाच्या कालव्यांत आज ऑस्करच्या पिढ्या नांदताहेत, त्याही अशाच माणसांच्या हातून सुटलेल्या. मासा सांभाळणं होत नसेल तर दुकानदाराला परत करा किंवा टाकी असलेल्या घरी द्या. आमच्या तलावांत मात्र सोडू नका.