वर्षातून दोनदा फुलणारा आयरिस : एका संकराचा धडा



ज्या मालाला वर्षातून एकदाच गिऱ्हाईक येते, त्या मालावर बारा महिन्यांचे घर चालवणे किती अवघड असते, हे ईदच्या हंगामात टोप्या आणि शेवया विकणाऱ्यांना सांगायला नको. थंड मुलखात फुलझाडांची रोपवाटिका चालवणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न होता. त्यांचा आयरिस वसंतात दोन-तीन आठवडे फुलतो आणि मग वर्षभर नुसती पाने दाखवतो. हाच आयरिस शरदात पुन्हा फुलावा म्हणून अमेरिकेतील काही मंडळींनी आयुष्ये खर्ची घातली. त्यांनी हे कसे साधले, ते आज पाहू.

आयरिस म्हणजे फारसी-उर्दूत ज्याला सोसन म्हणतात त्या फुलांपैकी एक. आपल्या लोकांना तो अगदीच परका नाही. येमेन आणि अरबस्तानातील एक पांढरा आयरिस मुसलमानांनी कबरींवर लावला आणि जिथे जिथे वस्ती केली तिथे तिथे नेला. तो थेट स्पेनपर्यंत पोहोचला. या झाडाला बी धरत नाही, म्हणजे प्रत्येक रोप कुणीतरी हाताने कंद उचलून नेल्यामुळेच वाढले. कंद वाटून मात्र जुनीच जात मिळते. नवी जात हवी असेल तर बी हवे, आणि बी हवे तर संकर हवा.

आता झाडाची रीत समजून घ्या. आयरिसचा एक कंद आयुष्यात एकदाच फुलतो. फुलून गेला की त्याच्या बाजूला पिले फुटतात आणि पुढच्या वर्षी ती फुलतात. म्हणून दुबार बहर याचा अर्थ तोच कंद पुन्हा फुलला असा नाही. त्याची पिले वर्षभर न थांबता चार-पाच महिन्यांतच वयात आली, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे संत्र्याचे पाणी तोडून मृग बहर किंवा आंबे बहर धरतात, तसा हा बहर बाहेरून धरता येत नाही. तो वाणातच असावा लागतो. वाण असला तरी उन्हाळ्यात पाणी आणि खत मिळाले नाही तर पिले वाढत नाहीत आणि दुसरा बहर हुकतो.

संकराचे काम अवघड नाही. फुलाच्या तीन पाकळ्या वर उभ्या असतात, तीन खाली झुकलेल्या. झुकलेल्या पाकळीच्या वर एक छपरासारखा भाग असतो. त्याच्या खाली पराग, आणि टोकाशी नखाएवढी पातळ जिभली. सकाळी एका फुलाचा पराग चिमट्याने काढून दुसऱ्याच्या जिभलीवर घासावा. देठाला चिठ्ठी बांधावी : आधी आईचे नाव, मग बापाचे, मग तारीख. सुमारे दोन महिन्यांत बोंड पिकते. बी शरदात पेरतात, हिवाळ्याची थंडी खाल्ल्यावर ते उगवते, आणि पहिले फूल बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दिसते. शरदात केलेल्या संकराचे बोंड पिकण्याआधीच थंड प्रदेशात हिम पडते, म्हणून संकर वसंतात आणि परीक्षा शरदात, असा तिकडचा रिवाज आहे.

खरी अडचण हिशेबात आहे. दुबार बहराचा गुण दबून राहणारा आहे. दोनदा फुलणाऱ्याचा संकर एकदाच फुलणाऱ्याशी केला, तर बहुतेक सगळी संतती एकदाच फुलते. त्यातच आजच्या उंच आयरिसमध्ये गुणसूत्रांचे दोन नव्हे, चार संच असतात, एकूण ४८. हा मोठेपणा तुर्कस्तानातील अमासियासारख्या ठिकाणच्या जंगली आयरिसांकडून आला. केंब्रिजचे प्राध्यापक मायकेल फॉस्टर यांनी ती झाडे १८८० च्या दशकात मागवली होती. फुले मोठी झाली, पण दबलेला गुण वर येणे कठीण झाले. चारही संचांत गुण असल्याशिवाय तो दिसत नाही असे धरा. मग वरच्या संकरातली भावंडे आपसांत मिळवली तर ३६ रोपांत एक दोनदा फुलेल. तीच संतती पुन्हा दोनदा फुलणाऱ्या जातीशी मिळवली तर सहांत एक. प्रत्यक्षात आकडे इतके नेमके येत नाहीत, पण जोडी विचारपूर्वक निवडण्याने किती वर्षे वाचतात हे यावरून कळावे.

हे काम मोठ्या कंपन्यांनी सुरू केले नाही. १९२० च्या दशकात नेब्रास्कातील हान्स आणि जेकब सास या शेतकरी भावांनी शरदात फुलणाऱ्या जाती काढल्या. पुढे कॅनडात जन्मलेले आणि व्हर्जिनियात संगीत शिकवणारे लॉइड झुर्ब्रिग यांनी फावल्या वेळात थंड प्रदेशात टिकेल असा दुबार आयरिस मिळवण्याचा ध्यास घेतला. ‘आय डू’ आणि ‘इंग्लिश कॉटेज’ या आपल्याच दोन दुबार जातींच्या संकरातून त्यांनी ‘इमॉर्टॅलिटी’ ही पांढरी जात काढली आणि १९८२ मध्ये तिची नोंद केली. आजही ती सर्वांत भरवशाच्या दुबार जातींत गणली जाते. दोन्ही बाजूंनी गुण असलेली जोडी त्यांनी निवडली, हे लक्षात घ्या.

आता व्यापाराची गोष्ट. कॅलिफोर्नियाच्या उबदार हवेत दोनदा फुलणारी जात नेब्रास्कात एकदाच फुलेल, कारण कळी उमलण्याआधीच हिम तिला मारते. यादीत नुसते ‘दोनदा फुलतो’ असे छापून कंद खपतात, पण दुसऱ्या वर्षी तेच गिऱ्हाईक परत येत नाही. म्हणून इमानदार विक्रेता कोणत्या प्रदेशात दुसरा बहर आल्याची खात्री आहे, ते लिहितो. त्याची विक्री थोडी कमी होईल, पण नाव टिकते.

आपल्या बागवान बंधूंनाही एक सूचना. या कंदांना कडक थंडी आणि कोरडी जमीन लागते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ते सडतात, तेव्हा चित्र पाहून मागवू नयेत. घेण्यासारखी आहे ती रीत :

१) जोडी निवडताना दोन्ही बाजूंचा गुण तपासा.

२) प्रत्येक संकराची वही ठेवा. चिठ्ठी हरवली की मेहनत हरवली.

३) एका हंगामावर निकाल देऊ नका. दोन-तीन वर्षे तोच गुण दिसला तरच माल बाजारात आणा.

४) जिथे तपासले नाही तिथली हमी देऊ नका.

फुलझाड असो, कोंबडी असो की कापडाचा नवा वाण असो, हा नियम बदलत नाही. संकरापासून बाजारापर्यंत आयरिसला सहा ते दहा वर्षे लागतात. एवढा सब्र ज्याच्यापाशी आहे, त्याच्या दुकानाला दुसरा हंगाम मिळतो.