औषधी द्रव्याची ओळख

भैंशाच्या बाजारात साल-मुळी घेताना आपण रंग, वास व चव पाहतो. पण गुण देणारे द्रव्य कोणते, हे त्यावरून कळत नाही. वर्गात आम्ही लोलकातून सूर्यकिरण सोडून सप्तरंग दाखवितो. या विद्येचा आरंभ तेथेच आहे.

प्रत्येक द्रव्य प्रकाशाचा ठराविक भागच शोषून घेते. अवरक्त किरणांच्या शोषणावरून रेणूतील अणुगट ओळखता येतात, तर वस्तुमानाच्या वर्णपटावरून रेणूचे वजन कळते.

नंदुरबारला १९२५ साली जन्मलेले डॉ. मनसुख वाणी यांनी अमेरिकेत डॉ. मन्रो वॉल यांच्यासह एका चिनी वृक्षातून कर्करोगविरोधी कॅम्प्टोथेसिन वेगळे केले. वर्णपटांना स्फटिकावरील क्ष-किरणांची जोड मिळाली, आणि १९६६ साली त्याची रचना प्रसिद्ध झाली. १९७२ साली हेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतील नरक्या झाडातही आढळले. पुढे त्यासाठी ही झाडे बेसुमार तोडली गेली.

यावरून आम्ही विद्यार्थ्यांना दोन गोष्टी सांगतो. द्रव्याची ओळख पटल्यावाचून झाडपाला कोणास देऊ नये, कारण कॅम्प्टोथेसिन हे मूळ रूपात विषारीही आहे. आणि ओळख पटल्यावर झाड राखावे. झाडच उरले नाही, तर विद्या कोणाच्या कामी येणार?