खारा वारा आणि थापी

पोरी, आयटीआयला गवंडीकाम शिकते म्हणालीस तेव्हा घरात कुरकुर झाली. होऊ दे. शासकीय आयटीआयत मुलींसाठी 30 टक्के जागा राखीव आहेत, त्या रिकाम्या का जाव्यात? मी 40 वर्षं अलिबाग-रेवदंड्याकडे थापी चालवली, पण शिकलो ते घमेली वाहत. मिस्त्री ‘असं कर’ म्हणायचे, ‘का’ ते कुणी सांगितलं नाही.

ते न कळल्यानं काय होतं, ऐक. चौलला एक पडवी बांधली होती. खाडीची रेती नीट धुतली नाही आणि सळईखाली कव्हर ब्लॉकऐवजी खडी सरकवली. काही वर्षांत स्लॅबच्या खालून पापुद्रे सुटले, गंजलेल्या सळया दिसू लागल्या. मीठ आत शिरलं की सळई गंजते, गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडते. दुरुस्ती मी पदरच्या पैशानं केली. म्हणून सांगतो, आयएस 456 हे पुस्तक वर्गात आलं की झोपू नकोस. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत उघड्या असलेल्या आरसीसीला त्यात 45 मिलिमीटर कव्हर आणि किमान एम 30 काँक्रीट सांगितलंय. लाटांचे तुषार येतात तिथं 50 मिलिमीटर आणि एम 35. मालक म्हणेल, ‘एवढं कशाला?’ तू हटू नकोस. बोअरचं पाणी मचूळ लागलं तर मालात घालू नकोस. साध्या सिमेंटच्या कामाला किमान 7 दिवस पाणी मार, पीपीसीला 10 दिवस. उन्हात सुकलेला कॉलम नंतर कितीही भिजवला तरी गेलेली ताकद पुरती परत येत नाही.

छपराचं काम हाती आलं तर 3 जून 2020 आठव. निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरकडचे किती पत्रे उडाले! पत्रा वाशाला आणि वासा भिंतीला पक्का धरलेला हवा.

गवंडीचा कोर्स 1 वर्षाचा. तो झाला की थेट साईटवर पळू नकोस, आधी ॲप्रेंटिसशिप कर. विद्यावेतन मिळतं आणि मोठ्या कामाची शिस्त लागते. तुझ्या भावाला वीजतंत्री व्हायचंय, त्याची 2 वर्षं. तो पास झाला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसू शकतो, हे त्याला सांग. अंदाजपत्रक काढायला तूही शीक. रेतीचा ब्रास म्हणजे 100 घनफूट, एवढा हिशेब ज्याला येत नाही तो ठेकेदाराच्या हाताखालीच राहतो. अठरा पूर्ण झाली आणि वर्षात 90 दिवस काम भरलं की बांधकाम कामगार मंडळात नोंदणी कर. मी ती उशिरा केली.

दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचा दाखला या आठवड्यातच काढून ठेव. गुणवत्ता यादी लागल्यावर तहसील कचेरीत रांग लावायला वेळ मिळत नाही.