फाटक्या नोटेचे पैसे बुडत नाहीत



तेंदूपत्त्याचा पैसा हंगामातच हातात येतो. तो गाडग्यात, कणगीत नाहीतर पत्र्याच्या डब्यात ठेवला जातो आणि पावसाळ्यात त्याला ओल, उंदीर किंवा उधई लागते. बचत गटाच्या बैठकीत एका बाईंनी पाचशेच्या चार कुरतडलेल्या नोटा माझ्यापुढे ठेवल्या. बाजारात एकाने त्यांचे हजार रुपये देऊ केले होते. मी पट्टीने मोजले. नियमाप्रमाणे तिघींचे पूर्ण व एकीचे निम्मे, म्हणजे १,७५० रुपये होत होते.

रिझर्व्ह बँकेचा नियम असा :

१. मळकी किंवा दोन तुकडे होऊनही पूर्ण असलेली नोट बँकेत बदलून मिळते. त्या शाखेत खाते नसले तरी चालते. दिवसाला २० नोटा, ५,००० रुपयांपर्यंत, शुल्क नाही.

२. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा निम्म्याहून मोठा तुकडा असेल तर पूर्ण पैसे, नाहीतर काहीच नाही.

३. पन्नास व त्यावरील नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे पैसे. पाचशेची नोट १५ सेंटिमीटर लांब असते. ती सरळ फाटली असेल तर १२ सेंटिमीटरहून जास्त उरल्यास पूर्ण, ६ ते १२ उरल्यास निम्मे.

४. जळालेल्या किंवा एकमेकींना चिकटलेल्या नोटा सोडवू नका, तशाच जपून ठेवा. त्या रिझर्व्ह बँकेच्या नागपूर कार्यालयात तपासतात.

५. मुद्दाम फाडलेल्या किंवा राजकीय घोषणा लिहिलेल्या नोटेचे पैसे मिळत नाहीत.

नाण्यांबद्दलही ऐका. दहा रुपयांची सगळ्या नमुन्यांची नाणी चालतात. पन्नास पैसेही चालतात. २५ पैसे व त्याखालची नाणी मात्र ३० जून २०११ पासून बंद झाली.

बँकेने नाही म्हटले तर शांतपणे लेखी कारण मागा. लेखी तक्रार देऊन ३० दिवसांत दाद लागली नाही, तर १४४४८ या क्रमांकावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार कशी करायची ते विचारा.

गटात सोडवा : सरळ फाटलेल्या पाचशेच्या नोटेचा १० सेंटिमीटर तुकडा आणि वीसच्या नोटेचा दोन-तृतीयांश तुकडा, दोन्हींचे मिळून किती? (उत्तर : २७० रुपये.)

घामाचा पैसा आहे. मोजल्याशिवाय कोणाला देऊ नका.