दिसतो चढ, असतो उतार



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ३० ते ३२

या तीन श्लोकांत भगवंत बुद्धीचे तीन प्रकार सांगतात. काय करावं आणि काय टाळावं हे सात्त्विक बुद्धीला नीट कळतं. राजस बुद्धी त्यात गल्लत करते. तामस बुद्धीला मात्र सगळंच उलटं दिसतं, अधर्मच धर्म वाटतो. आता "उलटं दिसणं" म्हणजे नक्की काय? एका रस्त्याचं उदाहरण घेऊ.

लेहपासून साधारण ३० किमीवर, श्रीनगरच्या रस्त्याला 'मॅग्नेटिक हिल' आहे. रीलमध्ये तरी पाहिलंच असेल. गाडी न्यूट्रलला टाकून ब्रेक सोडला की ती चक्क चढावर जाताना दिसते. गुजरातमध्ये गीरच्या जंगलात, तुळशीश्याम देवस्थानाजवळही असाच रस्ता आहे. कोणी म्हणतं डोंगरात चुंबक आहे, कोणी म्हणतं दैवी शक्ती ओढते. अमेरिकेत सॅन अँटोनियो शहरातल्या एका रेल्वे फाटकाची गोष्ट तर भुताची आहे. स्कूलबसच्या अपघातात गेलेली मुलं गाडी ढकलून रुळांपार नेतात, असं लोक सांगतात. गाडीवर पावडर टाकली की बोटांचे ठसे उमटतात, हा त्यांचा पुरावा.

खरं काय आहे? चुंबक असता तर फक्त लोखंड ओढलं गेलं असतं. इथे रस्त्यावर ओतलेलं पाणीही त्याच दिशेला जातं. म्हणजे तो उतारच आहे. आपला डोळा चढ-उतार स्वतंत्रपणे मोजत नाही, तो क्षितिजाशी आणि आजूबाजूच्या जमिनीशी तुलना करतो. क्षितिज डोंगराआड गेलं आणि भोवतालची जमीनच तिरकी असली की हिशोब चुकतो. जास्त उताराला लागून असलेला कमी उतार चढासारखा दिसतो. २००३ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी टेबलावर छोटे रस्ते बनवून हाच भास निर्माण करून दाखवला. पावडरवर दिसणारे ठसे गाडीला आधीच लागलेले असतात. आणि तो स्कूलबसचा अपघात? तसा भीषण अपघात १९३८ मध्ये झाला होता, पण तिथून खूप दूर, यूटा राज्यात.

आता गंमत बघा. वेदान्तात भ्रमाचे दोन प्रकार सांगितलेत. पहिला दोरीवरच्या सापाचा: दिवा लावला की साप संपला. याला निरुपाधिक भ्रम म्हणतात. दुसरा मृगजळाचा: तिथे पाणी नाही हे पक्कं माहीत असतं, तरी ते दिसतच राहतं. हा सोपाधिक भ्रम.

या रस्त्यांवर दोन्ही एकत्र भेटतात. भूत म्हणजे दोरीवरचा साप. कारण कळलं की ते जातं, आणि ते जायलाच हवं. सापाच्या भीतीने माणूस काठी उचलतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसांना मारहाण होते, म्हणून तर महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. पण चढ म्हणजे मृगजळ. सगळं विज्ञान कळल्यावरही तिथे उभं राहिलात तर चढच दिसणार!

"रोज गीता वाचतो, तरी राग येतोच. मग उपयोग काय?" हा प्रश्न खूप जणांना छळतो, आणि काही जण यावरच साधना सोडतात. सोडू नका. राग, हेवा, "माझंच बरोबर" हे सगळं ज्ञानानंतरही दिसत राहू शकतं. ज्ञानाचं काम एवढंच, की त्या दिसण्यावर विसंबून गाडी सोडायची नाही. तामस बुद्धीची अडचण अशी, की घसरताना तिला आपण वर चाललोय याची खात्री असते. त्यामुळे नुसत्या खात्रीवर भरवसा ठेवता येत नाही.

मग मोजायचं कशाने? गवंडी डोळ्यावर विसंबत नाही, पाणसळ लावतो. आमच्या सायखेड्याला काठावर उभं राहिलं तर जमीन सपाटच दिसते, पण गोदामाईला नांदूर मध्यमेश्वरकडे जायचा उतार अचूक सापडतो. फोनमधल्या लेव्हल अ‍ॅपलाही क्षितिज दिसत नाही, खाली कुठे आहे तेवढं त्याचा सेन्सर ओळखतो. जे भोवतालाबरोबर कलत नाही, ते माप. आपल्यासाठी शास्त्र, नाम आणि संतसंगती हीच पाणसळ.

आजचा अभ्यास: रागात लिहिलेला मेसेज पाठवण्याआधी थांबा. या भांडणात नसलेल्या एका प्रामाणिक माणसाला तो वाचून दाखवा. भांडणातल्या मित्राला नको, तोही त्याच उतारावर उभा आहे.

प्रार्थना: हे माधवा, उलटं दिसलं तरी पाऊल उलटं पडू देऊ नकोस.

राम कृष्ण हरी! 🙏